तिच्याभोवतीची पिवळी चौकट

१

सूनबाई म्हणते, लिहून काढा. लिहून काढा म्हणजे काय, शेंगा सोलायच्या आहेत? मी जन्मभर सुई धरली, पेन धरलं ते मापं टिपायला. शाळा माझी लवकर सुटली, तेव्हा मास्तरांना आणि मला दोघांनाही हायसं वाटलं होतं. पण ही पोरगी पिच्छा सोडत नाही. मी दुपारभर फाटकापाशी बसतो ते तिला बघवत नाही म्हणे. "बाबा, नुसतं बसण्यापेक्षा लिहा, डोकं मोकळं होईल." माझं डोकं मोकळंच आहे, त्यात काही असतं तर मास्तरांनी मला ठेवून घेतलं असतं. तरी लिहितो. एकदाच लिहीन. पुन्हा कुणी विचारायला आलं तर हे कागद त्याच्या तोंडावर मारीन.

मी गाड्यांची सीटकव्हरं शिवायचो. दुकान आमचं छोटंसं, पण शिवण पक्की. ही, म्हणजे माझी बायको, पुढे बसून गिऱ्हाइकांशी भांडायची. मला भांडता येत नाही, मला फक्त शिव्या देता येतात. मग तिला झटका आला, उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण धार होती तशीच. दुकान बंद केलं. तिला चाकाची खुर्ची आणली तर तिची गादी पापडासारखी, म्हणून मी फोम घालून, कडेला पायपिंग मारून नवीन कव्हर शिवलं. बसल्यावर म्हणाली, "आता... गिअर... कुठाय?"

दुपारचा चहा झाला की मी तिला फाटकापाशी आणून बसवायचो. आमची गल्ली अरुंद, आणि टोकाला चार्जिंगचा खांब. त्यामुळे त्या बिनड्रायव्हरच्या भाड्याच्या गाड्या सारख्या ये-जा करायच्या. विजेवरच्या. धूर नाही, आवाज नाही, चालवायला माणूस नाही. मी त्यांना मुक्या म्हणतो. खरं म्हणजे अगदीच मुक्या नाहीत, लोकांना चाहूल लागावी म्हणून कंपनीने त्यांना एक गुणगुण दिली आहे, दूर कुठेतरी पंखा फिरावा तशी. ही फाटकात दिसली की मुकी हळू व्हायची, गुणगुण खाली उतरायची, झोपलेल्या माणसाच्या उशाशी आपण जपून चालतो तशी ती हिच्यासमोरून जायची. पुढे गेली की पुन्हा गुणगुण वर. ही डावा हात जरासा उचलायची.

"मला... मुजरा करतात," म्हणायची. "तुम्हाला बघून... ब्रेक लावतात."

तेवढाच तिचा दिवसभरातला तमाशा. तिचा आणि माझाही.

एके दुपारी मुकी आली आणि गुणगुण उतरली नाही.

२

मला वाटलं, बिघडली असेल. माणसं बिघडतात, मग यंत्राने काय घोडं मारलंय? दुसरी आली, तीही तशीच सरळ गेली. मी फाटकाबाहेर पाऊल टाकलं तर पुढची लगेच हळू झाली. मी आत आलो, तिच्यामागची वेगात. समोरच्यांचं मांजर भिंतीवरून उतरलं, त्याच्यासाठी हळू झाली. मांजरासाठी!

मी काही खुळा नाही. मी विचार केला. ऊन डोळ्यावर येत असेल त्यांच्या, कॅमेऱ्यावर धूळ बसली असेल. खुर्ची हातभर पुढे घेतली. मग सावलीत घेतली, मग उन्हात. फाटकाचं दार पूर्ण उघडलं. मुक्या आल्या आणि गेल्या. एक तर इतकी जवळून गेली की हिच्या कपाळावरचे केस उडाले.

"आता खुर्ची... गच्चीवर न्या," ही म्हणाली. "विमानं... तरी थांबतील."

हसली ती. पण तिचा डावा हात मांडीवरून उठला नाही हे मी बघितलं.

३

सूनबाईचं कामच ह्या गाड्यांचं आहे. घरूनच करते, आतल्या खोलीत खिडकीपाशी तिचं टेबल आहे. गाड्यांच्या कॅमेऱ्यांनी टिपलेले रस्ते तिच्या स्क्रीनवर येतात. यंत्र प्रत्येक माणसाभोवती एक पिवळी चौकट काढून पाठवतं. सूनबाईने बघायचं, माणूसच आहे ना, आणि हो म्हणायचं. आणि जे जागचं कधी हलतच नाही, खांब, बाकडं, कचऱ्याचा डबा, त्याच्यावर करडा शिक्का मारायचा, 'कायम'. काम करणारी पोरं त्याला आपापसांत ठोंबा म्हणतात. वेगवेगळ्या तिघांनी ठोंबा म्हटलं की सगळ्या गाड्यांसाठी तो ठोंबा. मग त्याच्याकडे लक्ष द्यायचं कारण नाही.

"का पण?" मी विचारलं.

"अहो बाबा, माणूस दिसला की गाडी हळू होते. का, तर तो मध्ये येईल म्हणून. जो कधी मध्ये येतच नाही त्याच्यासाठी रोज कशाला हळू व्हायचं? आत बसलेल्यांचा खोळंबा होतो."

"आपली गल्ली दाखव."

"तसं दाखवायची परवानगी नसते."

"मी परवानगी विचारली का?"

तिने खटाखटा बटणं दाबली. गल्ली आली. माझं पोट केवढं सुटलंय ते तेव्हा कळलं, कारण पिवळी चौकट नेमकी त्याच्याभोवती होती. मांजराला निळी चौकट. आणि फाटकात ही बसलेली, केस मी विंचरलेले, भांग नेहमीसारखा वाकडा, डोळे थेट कॅमेऱ्याकडे. तिच्याभोवती काही नव्हतं. पायापाशी करडा शिक्का.

"हिला चौकट का नाही?"

"कुणाला?"

"कुणाला काय? तुझ्या सासूला!"

सूनबाईने स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाबा, आईंना तेव्हा आत नेलं असणार तुम्ही. नुसती खुर्ची आहे."

मला वाटलं माझी थट्टा करतेय. पण ती थट्टा करणारी पोरगी नाही, चहात मीठ पडलं तरी तिला हसू येत नाही. मी पुढे होऊन बोट हिच्या तोंडावर टेकवलं, काचेवर. "हे काय आहे?"

ती वाकली, डोळे बारीक केले. बराच वेळ तशीच. दुपारच्या त्या खोलीत मला पंख्याचा आवाज येत होता आणि बाहेर एक मुकी गेल्याचा. मग सूनबाईच्या घशातून कसलासा आवाज निघाला.

"अगबाई. हो की. आई आहेत." तोंडावर हात गेला तिचा. "बाबा, हा शिक्का माझाच आहे. त्या दिवशी मीच मारलाय. मला खरंच दिसल्या नाहीत हो."

रडायला लागली. मी म्हटलं, रडू नको, दुरुस्त कर. तिने शिक्का पुसला आणि स्वतःच्या हाताने पिवळी चौकट काढली, अगदी जपून, केससुद्धा बाहेर राहू नयेत अशी.

दुसऱ्या दिवशी चौकट गेलेली होती. उरलेले दोघे ठोंबाच म्हणत होते, आणि तिच्या जागी तिसराही तेच म्हणाला होता. तिने पुन्हा काढली, पुन्हा गेली. शेवटी वरून तिलाच समज आली, रिकाम्या खुर्चीला माणूस म्हणू नका, तुमच्या कामात चुका वाढल्या आहेत.

४

गाड्यांचं एक वेळ सोडा. त्यांना आईबाप नाहीत.

पोरगा संध्याकाळी कामावरून आला. ही बाहेरच्या खोलीत दाराजवळ, नेहमीच्याच जागी. त्याने बूट काढले, हेल्मेट हिच्या मांडीवर ठेवलं आणि हात धुवायला गेला. टाकलं नाही हं, नीट ठेवलं, खुर्चीवर ठेवतात तसं. हिने डाव्या हाताने हेल्मेटचा लोंबणारा पट्टा आत सारला, खाली पडू नये म्हणून धरून बसली.

मी ओरडलो. "अरे गाढवा, आई आहे ती!"

पोरगा हात पुसत आला. "कुठे?" म्हणाला. हे त्याचे शब्द, मी पदरचं काही घालत नाही. मग त्याचा चेहरा कसनुसा झाला. "अगं आई! सॉरी, सॉरी. डोकंच चालत नाही ग आज." हेल्मेट उचललं, हिच्या गालावरून हात फिरवला. ही म्हणाली, "जेवलास?" त्याने ते ऐकलं नसावं.

दमला असेल, मी म्हटलं. पोटासाठी दिवसभर राबतो. दुसऱ्या दिवशी हेल्मेट पुन्हा मांडीवर. त्याच्या पुढच्या दिवशी त्याला भिंतीतल्या प्लगपाशी जायचं होतं, तर त्याने खुर्ची हिच्यासकट बाजूला सरकवली आणि परत जागेवर लावलीच नाही. ही भिंतीकडे तोंड करून बसून राहिली, मी भाजी घेऊन येईपर्यंत.

व्यायाम करून घेणारी बाई यायची. दारात चप्पल काढली आणि मला विचारते, "आजोबा, पेशंटला कुठे बाहेर नेलंय का?" पेशंट तिच्यापासून हातभर अंतरावर. मी तिचा हात धरला आणि हिच्या हातावर ठेवला, तशी ती विस्तवाला हात लागल्यासारखी मागे सरकली. मग माझ्यावरच डाफरली, "सांगायचं नाही का, अंधारात कशाला बसवता?" अंधार! खिडकी सताड उघडी होती. पुढच्या आठवड्यापासून यायची बंद झाली. फोन केला तर म्हणाली, तुमच्याकडे कुणी पेशंट असल्याचं आठवत नाही.

मी माझ्या मनाशी म्हणायचो, लोक निर्ढावलेत. आजारी माणूस रोज बघून बघून डोळ्यांना सवय होते. तेवढंच असेल. एवढंच म्हणून मी झोपायचो.

५

शिवणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? मशीन काढलं, तेल घातलं. भगव्या कापडाचं जाकीट शिवलं, रस्त्यावर खोदकाम करणारे घालतात तसं, पुढून मागून चकाकणारी पट्टी. दोन दिवस खपलो. हिला घातलं.

तिने मान खाली घालून बघितलं. "माझ्यावर... रस्त्याचं काम... चालू आहे?"

"गप्प बस."

"दिवा पण... लावा. डोक्यावर."

फाटकात नेली. मुकी वळणावर आली, जाकीट असं चमकलं की मलाच डोळे मिटावे लागले. गुणगुण तश्शीच. सूनबाईने चोरून चित्र बघितलं आणि मला बोलावलं. यंत्राला जाकीट दिसलं होतं. जाकिटाभोवती करडी रेघ होती आणि खाली लिहिलं होतं, रस्त्यावरची खूण, कायम.

"बाबा, तुम्ही खरं सांगा," सूनबाई हळूच म्हणाली. "आत्ता मला चित्रात आई दिसत नाहीयेत. बोट ठेवलंत तरी. तुम्हाला दिसतायत ना?"

"दिसतात म्हणजे? डोळे आहेत मला."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि माझा हात तिने जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

त्या दिवसापासून ती हिला भरवताना आधी डावा हात पुढे करून हिचा खांदा चाचपायची. आंधळं माणूस दार शोधतं तशी. पण भरवायची. एवढं तिच्या बाजूने लिहितो.

६

हे लिहायचं नव्हतं. पण लिहायला बसलोय तर होऊन जाऊ दे.

सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो, तर ही खोलीत नव्हती. खुर्ची होती, तिच्या पाठीवर घडी घातलेलं पांघरूण होतं. मी हाक मारली. स्वयंपाकघरात गेलो, मोरीत बघितलं, दाराच्या मागे बघितलं. जिला कूस बदलायला दोन माणसं लागतात ती दारामागे कशाला जाईल? पण बघितलं. पलंगाखाली वाकलो. सूनबाईने नेलं म्हणावं तर ती बाजारात, पोरगा कामावर. पुढचं दार आतून बंद.

मी पलंगाच्या कडेवर बसलो. अंगावरचं पाणी गार पडायला लागलं. आणि तेव्हा मला शीळ ऐकू आली. झटक्यापासून हिच्या श्वासात एक बारीक शीळ असते, झोपेत जरा मोठी, जागेपणी लहान. ती चालू होती. खोलीत. समोरून.

मी खुर्चीकडे बघितलं. म्हणजे बघायला गेलो. नजर तिथे ठरेचना, तेल सांडलेल्या फरशीवर पाय पडावा तशी बाजूला जायची. कधी भिंत दिसे, कधी खिडकी. मी खुर्चीचा दांडा धरला, त्याच्यावरून हात पुढे नेला, आणि मला बोटं लागली. गरम. मग ती बोटं दिसली. मग स्वेटरचं बटण, वरून तिसरं, ते मीच लावलेलं, दोरा वेगळ्या रंगाचा. मग हनुवटी. सुईत दोरा ओवताना भोक असतंही आणि नसतंही, तसं चाललं होतं. शेवटी डोळे.

ती माझ्याकडेच बघत होती. सगळा वेळ बघत होती.

"सापडले... मी?" म्हणाली.

मी तिच्या पायाशी खाली बसलो. शिव्या देता आल्या नाहीत. "ओरडली का नाहीस? मी एवढ्या हाका मारतोय."

"बरं वाटतं."

"काय बरं वाटतं?"

ती थांबून थांबून बोलली. तिच्या तोंडून इतकं सलग मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. "कुणी उचलत नाही. वळवत नाही. बिचारी... म्हणत नाही. दुखतं ना... ते सुद्धा कमी... झालंय."

"आणि मी?"

"तुम्ही दमलात."

"मी दमलो नाही."

"खोटं," ती म्हणाली, आणि माझ्या ओल्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतर मी तिचा हात सोडेनासा झालो. जेवताना माझा डावा हात तिच्या हातावर. पेपर बघताना, चहा पिताना. नजरेवर भरवसा राहिला नव्हता, हातावर होता. जन्मभर हातानेच तर कमावून खाल्लं.

७

मी मुक्यांना अडवायला लागलो. मध्ये उभा राहायचो, थांबली की काचेवर गुद्दे मारायचो. आत बसलेले लोक घाबरायचे, मोबाईल काढायचे. तक्रारी गेल्या. शेवटी कंपनीवाला आला.

तरुण माणूस. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, दारातच बूट काढले. मला उलट रागच आला, कारण अशा माणसावर ओरडता येत नाही. मी म्हटलं, "माझी बायको तुमच्या गाड्यांना दिसत नाही."

"बाबा, आमची गाडी माणसाला कधीच धडकत नाही," तो म्हणाला. "प्रश्न धडकायचा नसतो. कुणासाठी किती थांबायचं हा असतो. ह्या गल्लीतून दिवसाला शेकडो लोक जातात. कुणाला दवाखाना गाठायचा असतो, कुणाला परीक्षा. प्रत्येकाने प्रत्येक ठोंब... प्रत्येक स्थिर वस्तूसाठी थांबायचं म्हटलं तर? गाडी विचार करते, इथे थांबून कुणाचं भलं होणार आहे?"

"ती रस्ता ओलांडत नाही म्हणून ती नाहीच?"

"असं मी कुठे म्हटलं? हललं की यंत्र पकडतं. जरा जरी हललं तरी." मग माझ्या पोराकडे बघून त्याने आवाज मऊ केला. "आपण करून बघू. बाबांचं समाधान होईल."

सगळे फाटकापाशी जमले. पोरगा रजा घेऊन थांबला होता, सूनबाई भिंतीला टेकून, समोरचे लोक गॅलरीत. मी हिला नीट बसवलं, केस सारखे केले आणि हात सोडून चार पावलं बाजूला झालो, कारण मी शेजारी असलो तर गाडी माझ्यासाठी हळू होईल. डोळे मात्र तिच्यावर रोवून ठेवले. पापणी लववली नाही.

मुकी वळणावर आली.

"हात उचल," मी म्हटलं. "ए, ऐक ना. नेहमी उचलतेस तसा."

तिने माझ्याकडे बघितलं. हात मांडीवर.

"बोट हलव नुसतं. एक बोट. अगं, हे सगळे आलेत ना बघायला. हलव ना ग!"

गॅलरीत कुणीतरी हसू दाबलं. पोरगा म्हणाला, "बाबा, पुरे." माझा आवाज चिरकला होता, मला कळत होतं. म्हातारा भर रस्त्यात खुर्चीच्या विनवण्या करतोय, एवढंच त्यांना दिसत असणार. आणि ती काही करत नव्हती. तिला येत होतं. तिचा डावा हात लख्ख चालायचा, त्या हाताने सकाळी तिने माझ्या कपातली साय काढून खाल्ली होती. तिच्या तोंडावर हट्ट नव्हता, राग नव्हता. पूर्वी पाहुणे उठायचं नाव घेत नसले की ती माझ्याकडे एका नजरेने बघायची, आता आवरा म्हणून. तशी बघत होती.

मुकी गेली. गुणगुण एका सुरात.

कंपनीवाल्याने मान हलवली. "सॉरी, बाबा. तुम्हाला त्रास झाला. फक्त एक विनंती, रिकामी खुर्ची अशी फाटकात ठेवत जाऊ नका. कुणीतरी अडखळेल."

"नाही ठेवणार," माझा पोरगा म्हणाला.

८

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला फाटकातच नेलं. खुर्ची कुणाच्या बापाची नाही, माझी आहे.

मी तिच्यावर रुसलो होतो, हे तिला माहीत होतं. थोड्या वेळाने म्हणाली, "पाणी." मी तिचा हात तिच्या मांडीवर ठेवला आणि आत गेलो. माठातून पेला भरायला असा किती वेळ लागतो?

बाहेर आलो तर खुर्ची रिकामी. मला वाटलं, पुन्हा तेच, माझी नजर घसरतेय. पेला खाली ठेवला, गादीवर हात फिरवला, पाठीवर, दांड्यांवर. सगळीकडे नुसतं कव्हर. गादी अजून गरम होती. पायाखालची फळी वर दुमडलेली होती, उठणारा माणूस दुमडून ठेवतो तशी. ती मी दुमडली नव्हती.

मग टोकाच्या खांबापासून एक मुकी निघालेली दिसली.

मी रस्त्याच्या मधोमध गेलो, हात पसरून उभा राहिलो. मुक्या मला बघून ब्रेक लावतात, तिनेच म्हटलं होतं. ही मुकी हळू झाली नाही. गुणगुण वर नाही, खाली नाही. वारा अंगावर आला तेव्हा मी भिंतीकडे उडी मारली, कोपर सोलून निघालं. काच माझ्या तोंडासमोरून गेली.

ती खिडकीशी बसली होती. ताठ. पडलेला उजवा खांदा दुसऱ्या खांद्याच्या बरोबरीने होता. तिच्या शेजारी कुणीतरी होतं, समोरच्या सीटवरही होतं, दाटीवाटीने. सगळ्यांचे हात मांडीवर. चेहरे विचारू नका, माझी नजर त्यांच्यावर टिकलीच नाही. तेलावरून घसरली आणि हिच्यावर आली.

तिने मला बघितलं. अनोळखी माणसाकडे बघतात तसं नाही, नीट ओळखून बघितलं. काच खाली घेता आली असती. घेतली नाही.

मी धावलो म्हणतात. मला आठवत नाही. गल्लीच्या तोंडाशी रस्ता रुंद होतो, तिथे अशा पन्नास मुक्या, सगळ्या सारख्या पांढऱ्या.

९

संध्याकाळी पोरगा आला. बूट काढले, हेल्मेट ठेवायला वळला आणि तसाच थांबला. हेल्मेट हातातून पडलं.

"आई कुठाय?" ओरडला. "बाबा, आई कुठाय?"

ती होती तेव्हा दिसली नाही. नव्हती ते मात्र एका नजरेत दिसलं त्याला. सूनबाईलाही. समोरच्या गॅलरीतले लोक धावत आले, "अहो, आजी फाटकात दिसल्या नाहीत आज." व्यायामवालीचा फोन आला, रडत होती, पेशंट कशा आहेत म्हणून. पोलीस झाले, दवाखाने झाले. कंपनीने सांगितलं की त्या वेळी आमची कुठलीच गाडी त्या गल्लीत नव्हती. सूनबाईने सगळी चित्रं उपसली. तिच्या चित्रात मी एकटाच रस्त्यात हात पसरून उभा आहे, माझ्याभोवती पिवळी चौकट, आणि समोर काही नाही. तिने ते काम सोडलं.

आता दुपारी मी तिच्या खुर्चीत बसतो. हलायचं नाही असं ठरवून बसतो. पण मला ते जमत नाही. माशी बसते, गुडघा ठणकतो, कुणीतरी कचरा टाकतं आणि माझ्या तोंडून शिवी जाते. मुक्या वळणावर येतात आणि मला बघून हळू होतात. रोज. त्या गुणगुणीचा आता मला संताप येतो. सूनबाई दाराआडून बघत असते. तिला वाटतं मी नुसता बसलोय.

माफीचं म्हणाल तर सगळ्यांची मागून झाली. सूनबाईने मागितली, अजून मागते. पोराने माझ्या पायावर डोकं ठेवलं, उचलता उचलेना. कंपनीवाला पुन्हा आला, पुन्हा बूट काढले, आणि ह्या खेपेला दोन्ही हात जोडले. मी सगळ्यांना म्हटलं, जा, झालं गेलं.

एकीची तेवढी राहिली आहे. पाणी आणायला पाठवलं मला, आणि न सांगता गेली. एवढा संसार केला तिच्याबरोबर, तिचं सगळं केलं, दमलो असं एकदाही म्हटलं नाही. ती आली की पाणी देण्याआधी तिच्याकडून माफी घेईन, माझ्या बायकोकडून.